मानसशास्त्राचे प्राध्यापक गेल्यावर त्यांचं काम कसं जपायचं, कसं सांगायचं

पणजीत मांडवीच्या काठाने चालत गेलं की जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा लागतो. अंगावर झगा, दोन्ही हात पुढे ताणलेले, आणि समोर भान हरपून मागे कललेली एक स्त्री. हा पुतळा १९४५ साली उभा राहिला. तो पाहणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट ठसते: या माणसाच्या हातांत काहीतरी शक्ती होती आणि ती त्या बाईवर चालली.

फारियांनी पॅरिसमध्ये सांगितलं ते याच्या बरोबर उलट होतं. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले फारिया फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान शिकवत. संमोहन करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, अशी जर्मन वैद्य मेस्मर यांची कल्पना त्या काळी युरोपात जोरात होती. असा कुठलाही द्रव नाही, असं फारियांनी ठामपणे मांडलं. माणूस शांत बसला, त्याचं मन एकवटलं आणि त्याला 'झोपा' असं सांगितलं की पुढचं सगळं त्याच्या स्वतःच्या मनातून घडतं. करणाऱ्याच्या अंगी काही नसतं. हा विचार मांडणाऱ्या ग्रंथाचा पहिला खंड १८१९ साली छापला गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फारिया वारले. पुढचे खंड आले नाहीत. संमोहनाला सूचनेचं शास्त्र मानणाऱ्या, फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या डॉक्टरांनी काही दशकांनी त्यांचं ऋण मान्य केलं. १९०६ साली डॉ. दाल्गादो या गोमंतकीय वैद्याने त्यांचं चरित्र लिहिलं आणि मूळ ग्रंथही पुन्हा छापून आणला, म्हणून तो आज वाचता येतो. गोव्यात मात्र घरोघरी माहीत आहे ती 'कातर रे भाजी'ची दंतकथा: प्रवचनाला उभे राहून अडखळलेल्या तरुण फारियांना वडिलांनी हे कोंकणी शब्द कुजबुजून धीर दिला, अशी.

मानसशास्त्राच्या प्राध्यापकांच्या बाबतीत हे पुन्हा पुन्हा होतं. दंतकथा राहते, पुतळा राहतो, विचार उलटा होऊन लोकांपर्यंत पोचतो. गेल्या काही वर्षांत या विषयातली बरीच मोठी माणसं गेली. आपल्याकडच्या महाविद्यालयांतही वर्षानुवर्षं शिकवलेले प्राध्यापक जातात, तेव्हा विभागातल्या सहकाऱ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि घरच्यांना काय करावं ते सुचत नाही. शोकसभा होते, वर्तमानपत्रात चौकट येते, आणि पुढच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदांना वाळवी लागते. हे टाळता येतं.

विचार सांगायचा म्हणजे काय सांगायचं

मानसशास्त्रज्ञाचा वारसा ढोबळमानाने चार गोष्टींत असतो: एखादी कल्पना, ती तपासण्याची रीत किंवा साधन (प्रश्नावली, चाचणी, प्रयोग), जमवलेली माहिती आणि तयार केलेले विद्यार्थी. श्रद्धांजलीत यातलं बहुधा काहीच येत नाही. येतात पदं आणि पुरस्कार.

डॅनियल काहनेमन २७ मार्च २०२४ रोजी गेले, तेव्हा बहुतेक बातम्यांचा मथळा '२००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते' असा होता. त्यात चूक काही नाही, पण वाचकाच्या पदरात काही पडत नाही. त्याऐवजी असं विचारून पाहा. नाणं उडवायचं आहे. काटा पडला तर तुमचे १०० रुपये जाणार. छापा पडला तर किती मिळाले पाहिजेत, म्हणजे तुम्ही खेळायला तयार व्हाल? १०५ रुपये म्हणणारा क्वचित सापडतो. बरेच जण २००च्या आसपासचा आकडा सांगतात. गमावण्याचं दुःख कमावण्याच्या आनंदाच्या साधारण दुप्पट जड असतं, हे काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ च्या सिद्धान्तात मांडलं आणि १९९२ च्या लेखात त्याचा अंदाज २.२५ पट असा दिला. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला आपल्या घरातला, बाजारातला एखादा निर्णय आपोआप आठवतो. ट्व्हर्स्की १९९६ साली गेले होते आणि नोबेल मरणोत्तर देत नाहीत. म्हणून काहनेमन यांच्यावर लिहिताना दुसरं नाव गाळलं तर अर्धं काम चुकीच्या खात्यावर जमा होतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. २०११ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात काहनेमन यांनी एक प्रकरण अशा प्रयोगांवर बेतलं होतं, ज्यांत एखादा शब्द नकळत दाखवला की माणसाचं पुढचं वागणं बदलतं असा दावा होता. त्यातले बरेच प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत. कमी लोकांवर केलेल्या प्रयोगांवर आपण नको तितका विश्वास ठेवला, असं त्यांनी २०१७ साली जाहीरपणे लिहिलं. पैसा वाढला की रोजचं सुख किती वाढतं, या प्रश्नावर त्यांच्या २०१० च्या निष्कर्षाला (एका पातळीनंतर ते वाढत नाही) मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्या २०२१ च्या अभ्यासाने छेद दिला. तेव्हा वाद घालत बसण्याऐवजी दोघांनी बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन मिळून आकडे तपासले आणि २०२३ साली एकत्र लेख छापला. चूक कबूल करण्याची आणि प्रतिपक्षासोबत बसून काम करण्याची ही रीत त्यांच्या वारशाचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असं आमचं मत आहे. मृत्युलेखात 'चुका कशाला काढायच्या' म्हणून ती गाळणं हा त्यांच्यावर अन्याय ठरतो.

अल्बर्ट बांडुरा २६ जुलै २०२१ रोजी ९५व्या वर्षी गेले. त्यांचं नाव निघालं की बोबो बाहुली आठवते: १९६१ चा प्रयोग, ७२ मुलं, मोठ्या माणसाने बाहुलीला बडवलेलं पाहिलं की मुलंही तसंच बडवतात. अध्यापकाला रोज उपयोगी पडेल असं त्यांचं काम मात्र १९७७ नंतरचं आहे. त्यात त्यांनी 'हे अमुक काम मला जमेल' या विश्वासाचा अभ्यास केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला स्व-कार्यक्षमता म्हणतात. हा सरसकट आत्मविश्वास नव्हे. नदीत बिनधास्त पोहणारा मुलगा गणिताच्या पेपराला थरथरतो, कारण हा विश्वास कामागणिक वेगळा असतो. तो चार वाटांनी वाढतो. स्वतः करून जमलेलं असणं ही सर्वांत भक्कम वाट. आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणं ही दुसरी. विश्वासातल्या माणसाने 'तुला येईल' म्हणणं ही तिसरी. चौथी म्हणजे छातीतली धडधड भीतीची न मानता तयारीची मानणं. शाळांतली बरीचशी प्रेरणादायी भाषणं तिसऱ्या वाटेवरच थांबतात, म्हणून त्यांचा परिणाम आठवडाभरात ओसरतो. एखाद्या शिक्षकाने पहिली वाट वापरून सोप्याकडून कठिणाकडे जाणारी दहा गणितं रचून दिली, तर बांडुरांची आठवण त्या वर्गात खरी जागती राहील.

फिलिप झिंबार्डो १४ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले. त्यांच्याबद्दल लिहिणं सर्वांत अवघड. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तळघरात २४ तरुण निवडून, दिवसाला १५ डॉलर देऊन, काही जणांना पहारेकरी आणि काहींना कैदी केलं. दोन आठवड्यांचा बेत सहाव्या दिवशी गुंडाळावा लागला. परिस्थिती चांगल्या माणसालाही क्रूर करते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष पन्नास वर्षं शिकवला गेला. पुढे एका फ्रेंच अभ्यासकाने मूळ ध्वनिफिती आणि कागद तपासले तेव्हा दिसलं, की पहारेकऱ्यांना कडक वागायला सांगितलं जात होतं. हा लेख २०१९ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या मुख्य नियतकालिकात आला. आता हे दोन्ही एका दमात सांगावं लागतं: प्रयोगाचा मूळ निष्कर्ष जसाच्या तसा शिकवता येत नाही, आणि ही तपासणी शक्य झाली ती झिंबार्डोंच्या फिती व कागद स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात जपले गेले होते म्हणूनच. आपल्या कामावर आपल्यामागे प्रश्न विचारले जावेत, एवढी सामग्री त्यांच्यामागे उरली.

आणि सुधीर कक्कर. ते बाणावलीत राहत होते आणि २२ एप्रिल २०२४ रोजी गेले. मराठीत त्यांना सर्रास 'मानसोपचारतज्ज्ञ' म्हणतात; ते चूक आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारांवर औषध देणारा वैद्यक पदवीधर डॉक्टर. कक्कर इंजिनिअर होते, मग अर्थशास्त्रात त्यांनी व्हिएन्नाची डॉक्टरेट घेतली, अहमदाबादेत मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांच्याशी भेट झाल्यावर ते मनाच्या अभ्यासाकडे वळले आणि फ्रँकफर्टला मनोविश्लेषणाचं प्रशिक्षण घेतलं. म्हणजे मनोविश्लेषक, औषधाऐवजी संवादातून मनाचा ठाव घेणारा. त्यांची मुख्य मांडणी अशी: पाश्चात्त्य उपचारपद्धती स्वतंत्र, एकट्या व्यक्तीला गृहीत धरते. भारतीय रुग्ण मात्र मनात अख्खं कुटुंब घेऊन येतो आणि उपचार करणाऱ्याकडून गुरूसारख्या मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवतो. त्यांनी राजस्थानातल्या बालाजीच्या देवळात आणि दर्ग्यांत जाऊन, तिथे भूतबाधेच्या नावाखाली मनाला नेमका कसा उतारा पडतो, ते पाहिलं. घुमटीपाशी (छोट्या देवळीपाशी) सांगणं करणारी आणि सायबिणीला (मेरीमातेला) नवस बोलणारी माणसं जिथे शेजारी शेजारी राहतात, त्या गोव्यात ही मांडणी शिकवायला उदाहरणं शोधत फिरावं लागत नाही.

मृत्युलेख लिहिताना कुठे घसरतं

वर्तमानपत्री मृत्युलेखाला ५०० ते ७०० शब्द पुरतात. त्यातले निदान २०० शब्द एकाच कल्पनेच्या उदाहरणासह उलगड्याला द्यावेत, १००-१५० आयुष्यक्रमाला, तेवढेच विद्यार्थी आणि विभागाला, आणि काय अपुरं राहिलं, काय वादग्रस्त ठरलं याला एक परिच्छेद. 'पोकळी निर्माण झाली', 'अपरिमित हानी' ही वाक्यं खोडून पाहावीत. लेखाचं काही बिघडत नाही, उलट जागा मोकळी होते.

तारखा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पडताळायच्या. एक श्रद्धांजली दुसरीवरून उतरवलेली असेल तर ती दोन ठिकाणं होत नाहीत, एकच. निवृत्तीचा आदेश, सेवापुस्तक, पदवीचं प्रमाणपत्र हे पक्के पुरावे. गोव्यात एक चूक हमखास होते: '१९७५ साली गोवा विद्यापीठातून पदवी.' गोवा विद्यापीठाची स्थापना १९८५ ची. त्याआधी इथली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, आणि पणजीत त्याच विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र चाले. कला-विज्ञानाचं महाविद्यालयीन शिक्षणच मुळात १९६२ साली धेंपे आणि चौगुले महाविद्यालयांपासून सुरू झालं, तेव्हा १९५८ साली 'मडगावच्या कॉलेजात' शिकलेला माणूस आढळला तर कागद पुन्हा तपासावा.

नावाच्या स्पेलिंगचंही तसंच. एकाच प्राध्यापकाचं आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध शोधताना निम्मे निसटतात. मार्गदर्शकाच्या नावाने, विभागाच्या नावाने आणि विद्यार्थ्याच्या नावाने असा तीनदा शोध घ्यावा. शोधनिबंधांची संख्या मोजून मोठेपण ठरवू नये. एका छोट्या महाविद्यालयात तीस वर्षं पहिल्या वर्षाला सांख्यिकी शिकवलेल्या बाईंचे निबंध दोनच असतील; पण त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज शाळांमधून समुपदेशक म्हणून काम करत असतील, तर तोच आकडा लिहिण्याजोगा आहे.

आठवणी गोळा करण्याची रीत

इथे गेलेल्यांपैकीच एकाचं संशोधन कामाला येतं. एंडेल टुल्व्हिंग ११ सप्टेंबर २०२३ रोजी गेले. माहितीची स्मृती आणि प्रसंगाची स्मृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी १९७२ साली मांडलं. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या सकाळी आपल्या दारात काय घडलं, हे तेव्हा तिथे असलेल्यालाच आठवतं. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं, की आठवण साठवताना जे संदर्भ हजर होते तेच पुन्हा समोर आले, तर ती सहज वर येते.

म्हणून माजी विद्यार्थ्याला 'सरांबद्दल काहीतरी सांगा' असं विचारू नये. उत्तर ठरलेलं येतं: प्रेमळ होते, वक्तशीर होते. त्याऐवजी त्या वर्षीची प्रश्नपत्रिका, वर्गाचा फोटो, प्रॅक्टिकलची वही समोर ठेवावी. शक्य असेल तर त्याच खोलीत बसून बोलावं. प्रश्न बारीक असावेत: पहिल्या तासाला काय शिकवलं? फळ्यावर कुठली आकृती काढत? तुमच्या जर्नलवर काय शेरा मारला? एका बैठकीला ४०-४५ मिनिटं पुरे, आणि रेकॉर्डिंगआधी लेखी संमती घ्यावी. चार जणांना एकत्र बसवू नये. पहिला जे बोलतो त्याच्याशी बाकीच्यांच्या आठवणी नकळत जुळत जातात. आधी प्रत्येकाशी एकट्याने बोलावं, एकत्र गप्पा नंतर.

शेवटची वर्षं आजारपणात गेली असतील तर आठवणींवर त्याचीच छाया पडते. मागे वळून पाहताना माणूस सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांनाच जास्त वजन देतो, हे काहनेमन यांनी थंड पाण्यात हात बुडवण्याच्या १९९३ च्या प्रयोगात दाखवलं. एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पाण्याचा गारवा हळूहळू कमी करत १५ अंशांपर्यंत आणून. पुन्हा कुठलं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं, कारण त्याचा शेवट सुसह्य होता. तेव्हा मधल्या वर्षांबद्दल मुद्दाम विचारावं.

वेळ घरच्यांच्या चालीरीतींप्रमाणे ठरवावी. तेरावा होईपर्यंत, किंवा सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस होईपर्यंत कागदपत्रांची गोष्ट काढू नये. एकच निरोप मात्र पहिल्याच आठवड्यात, जवळच्या माणसामार्फत द्यावा: रद्दीत काही घालू नका, लॅपटॉप कोणाला देऊ नका.

कागद आणि पावसाळा

गोव्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला ६५ टक्के पुरते. अभिलेखागारात ती ४५ ते ५५ च्या दरम्यान ठेवतात. घरी तेवढं जमणार नाही, पण कागद जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर वर आणि बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवले तरी बरंच वाचतं. लाकडी कपाटापेक्षा लोखंडी बरं. प्लास्टिकच्या हवाबंद पिशवीत ओलसर कागद कोंडणं सर्वांत वाईट. टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढावेत, कारण गंज आणि वितळलेलं रबर कागद खातं. फाटलेल्याला सेलोटेप लावू नये. आणि लॅमिनेशन अजिबात करू नये. प्रमाणपत्रं जपायची म्हणून लोक हेच करतात, पण ते उलटवता येत नाही आणि उष्णतेने शाई व कागद दोन्हींचं नुकसान होतं.

कागद भिजलेच तर साधारण ४८ तास हातात असतात. उन्हात टाकू नयेत, शाई उडते आणि पानं वाकतात. पंख्याखाली, टिपकागदावर, थोडी थोडी पानं उलगडून वाळवावीत.

मूळ क्रम मोडू नये. फायली विषयवार लावण्याचा मोह होतो, पण कुठल्या फायलीत कुठल्या पत्रामागे कुठलं टिपण होतं, यातूनच विचार कसा पुढे गेला ते कळतं. आधी खोलीचे फोटो काढावेत, मग प्रत्येक खोक्याला क्रमांक देऊन एका वहीत एक ओळ: खोक्याचा क्रमांक, कुठून उचललं, अंदाजे साल, आत काय आहे. स्कॅन करताना मजकुराला ३०० डीपीआय, छायाचित्रांना ६००. कॅसेटवरची व्याख्यानं आधी घ्यावीत, कारण फीत कागदाआधी मरते. ती दाबलेल्या एमपीथ्रीत न घेता ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये उतरवावी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. कागद दान करायचे झाले तर विभाग, विद्यापीठाचं ग्रंथालय किंवा पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय यांच्याशी आधी यादी दाखवून बोलावं. खोकी थेट नेऊन ठेवली तर ती जिन्याखालीच राहण्याची भीती.

जे दान करायचं नाही

हा भाग मानसशास्त्रालाच खास लागू आहे आणि इथेच सर्वांत गंभीर चूक होते. प्राध्यापकांच्या कपाटात बहुतेक वेळा तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: स्वतःचं लेखन, संशोधनात भाग घेतलेल्यांचे भरलेले फॉर्म आणि समुपदेशनाच्या नोंदी. पहिली गोष्ट वारसांची. उरलेल्या दोन्हींवर ज्यांनी मन उघडं केलं त्यांचा हक्क आहे. मानसिक आरोग्याची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने दिलेला आहे, आणि उपचार करणारा गेला म्हणून ते गुपित सार्वजनिक होत नाही. मुलाने किंवा मुलीने कुतूहलापोटीही त्या फायली वाचू नयेत. त्याच शाखेतला एखादा नोंदणीकृत सहकारी बोलवून त्याच्याकडून वेगळ्या करून घ्याव्यात, बंद कराव्यात, आणि जतन वा नष्ट करण्याचा निर्णय त्याने लेखी नोंदवावा.

नावं खोडली की झालं, असं गोव्यात मानता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. 'वय ५२, बोटीवरून निवृत्त, अमुक वाडा' एवढ्यावर अख्खं गाव माणूस ओळखतं. वाडा आणि गाव काढून तालुका किंवा जिल्हा ठेवावा, वय पाच-दहा वर्षांच्या गटात बसवावं, दुर्मीळ व्यवसाय ढोबळ करावा.

मानसशास्त्रीय चाचण्यांचे संचही सार्वजनिक वाचनालयात देऊ नयेत. प्रश्न आधीच कळले की चाचणी निकामी होते. ते विभागाच्या प्रयोगशाळेतच जावेत. लेखनाचा कॉपीराइट मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे २०२४ साली गेलेल्यांचा २०८४ अखेरपर्यंत. पत्रांच्या बाबतीत गोंधळ होतो: सरांनी विद्यार्थ्याला लिहिलेलं पत्र हा कागद विद्यार्थ्याचा, पण ते छापण्याचा हक्क सरांच्या वारसांचा. स्मृतिग्रंथ काढणाऱ्यांनी आधी ती परवानगी घ्यावी.

स्मृतिव्याख्यानाचा हिशेब

पाच लाख रुपये जमवून दरवर्षी व्याख्यान, हा नेहमीचा संकल्प. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० मिळतात आणि सगळे खर्च होतात. महागाई पाच टक्के धरली तर साधारण १४ वर्षांत त्या ३५,००० ची किंमत निम्म्यावर येते. प्रवासभाडं, निवास आणि मानधन भागेनासं होतं आणि व्याख्यान मुकाट्याने बंद पडतं. निधीचं मोल टिकवायचं तर दरवर्षी २५,००० मुद्दलात परत घालावे लागतात. खर्चायला उरतात १०,०००. त्यात बाहेरगावचा वक्ता बसत नाही. तीन वर्षांनी एकदा व्याख्यान, किंवा गोव्यातलाच वक्ता, एवढंच बसतं. विभाग बंद झाला तर पैसे कुठे जातील, वक्ता कोण निवडेल, हे करारपत्रात आधीच लिहावं.

सर्वाधिक गुणांचं पदक हा स्मृतीचा सर्वांत सोपा आणि आमच्या मते सर्वांत दुबळा प्रकार. तेवढ्याच पैशात 'जुना प्रयोग पुन्हा करून पाहा' असं बक्षीस ठेवता येतं. आणि सभेतच प्रयोग करायचा असेल तर दहा मिनिटांचा एक तयार आहे. काहनेमन-ट्व्हर्स्की यांच्या १९८१ च्या प्रश्नात ६०० माणसांच्या जिवावरची साथ होती. शोकसभेत ते नको, म्हणून कुळागरातले ६०० माड घ्यावेत, सगळ्यांना रोग लागलेला. निम्म्या चिठ्ठ्यांवर लिहायचं: उपाय अ केला तर २०० माड वाचतील, उपाय ब केला तर एक तृतीयांश शक्यता की सगळे वाचतील, दोन तृतीयांश शक्यता की एकही वाचणार नाही. उरलेल्या चिठ्ठ्यांवर: अ केला तर ४०० मरतील, ब केला तर एक तृतीयांश शक्यता की एकही मरणार नाही, दोन तृतीयांश शक्यता की सगळे मरतील. हिशेब एकच आहे. मूळ प्रयोगात पहिल्या मांडणीत ७२ टक्क्यांनी खात्रीचा उपाय निवडला, दुसरीत ७८ टक्क्यांनी जुगार. पुढे अनेक देशांत तपासल्यावर हा परिणाम टिकला, मात्र फरक मूळपेक्षा कमी निघाला.

चिठ्ठ्या आधी पत्त्यांसारख्या पिसाव्यात. पुढच्या रांगांना एक आणि मागच्यांना दुसरी दिली तर पुढे ज्येष्ठ आणि मागे विद्यार्थी बसलेले असतात, आणि फरक वयाचा की शब्दांचा ते कळत नाही. शेजाऱ्याशी बोलायचं नाही हे आधी सांगावं. साठेक लोक असावेत. वीस जणांत निकाल उलटाही येऊ शकतो, आणि आला तर तोच फळ्यावर लिहून लहान नमुन्याबद्दल बोलावं. माणसांच्या जागी माड घेतल्यामुळे मूळच्या टक्केवारीशी थेट तुलना करू नये.

अर्धवट राहिलेलं

मार्गदर्शक मध्येच गेले तर पीएचडीच्या विद्यार्थ्याने विभागाकडे लगेच लेखी अर्ज करून नवा मार्गदर्शक मागावा. शोक आहे म्हणून थांबलं तर नोंदणीची मुदत थांबत नाही. प्रबंधात दोन्ही मार्गदर्शकांची नावं आणि कोणी कुठल्या टप्प्यापर्यंत पाहिलं, ते लिहावं. एकत्र लिहिलेला शोधनिबंध बाकी असेल तर दिवंगत लेखकाचं नाव काढू नये. नावापुढे खूण करून तळटीपेत मृत्यूची तारीख द्यावी, आणि अंतिम मसुदा त्यांनी पाहिला होता की नाही तेही प्रामाणिकपणे लिहावं. त्यांना मान्य नसतं असं वाटणारा निष्कर्ष शेवटच्या फेरीत निघाला, तर तो त्यांच्या तोंडी न घालता वेगळा नोंदवावा.

त्यांनी तपासून परत दिलेल्या प्रकरणांवर समासात पेन्सिलने केलेल्या खुणा असतात: प्रश्नचिन्हं, 'नमुना किती?', 'हे कशावरून?'. विद्यार्थी दुरुस्त्या करून ती पानं टाकून देतात. दुरुस्तीला बसण्याआधी ती खुणांसकट स्कॅन करावीत, वर तारीख घालावी, आणि मूळ पानं खोक्यात क्रमांक लावून ठेवावीत.